तासाचे मोल

या वेळचे पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आले आहे. पत्रलेखिका बाईंनी एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे मराठी आणि इतिहास हे विषय शिकवले आणि वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर गेल्या ३१ मे रोजी त्या निवृत्त झाल्या. पत्र मोठे आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे देत आहे.

“माझी शाळा पहिली बारा वर्षे विनाअनुदानित होती. त्या काळात हातात येई तो पगार सांगण्यासारखा नव्हता. अनुदान २००५ नंतर टप्प्याटप्प्याने आले, त्यामुळे जुनी पेन्शन मला नाही. आता जे मिळते त्यात घरखर्च आणि यजमानांची औषधे बसवली, की महिन्याला बारा हजार रुपये कमी पडतात. पैशांचे लिहिले याबद्दल क्षमा असावी. जुलैमध्ये जवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौकशीला गेले. मुख्याध्यापक माझ्या मुलाच्या वयाचे. ‘टॅब वापरता येतो का?’ असे त्यांनी विचारले आणि मला उत्तरच सुचले नाही. शेवटी म्हणाले, नऊ हजार देऊ, सोमवार ते शनिवार पूर्ण वेळ यावे लागेल. घरी येऊन रडले. एका क्लासवाल्यांना त्यांच्या फलकावर माझे नाव हवे आहे. एक माजी विद्यार्थी साखळी पद्धतीच्या कुठल्याशा योजनेत सामील व्हा म्हणून दोनदा येऊन गेला. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘आई, आता नोकरी कशाला, इकडे ये आणि नातीला सांभाळ.’ शेजारची डी.एड. झालेली मुलगी सहज बोलून गेली, की निवृत्त माणसांनी आमच्या जागा अडवू नयेत. सकाळी पावणेअकराला शाळेची घंटा घरापर्यंत ऐकू येते आणि मी उगाच उठून उभी राहते. या वयात मला कोण काम देणार? आणि मी काम शोधणे हा लोभ तर ठरत नाही ना?”

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण तो मनात तसाच राहिला, तर पहिल्याचे उत्तर मिळूनही तुम्हाला त्याचा उपयोग करता येणार नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याने नव्या नेमणुकांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली, आणि ज्यांची नेमणूक त्याआधीची पण शाळेला पूर्ण अनुदान मात्र त्यानंतरचे, असे तुमच्यासारखे शिक्षक मधल्या मध्ये अडकले. हा वाद न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. संघटनेमार्फत त्याचा पाठपुरावा अवश्य करा; पण त्याच्या निकालावर या महिन्याचा किराणा अवलंबून ठेवता येत नाही. ज्या बाईंनी उमेदीची बारा वर्षे जवळजवळ फुकट शिकवले आणि ज्यांच्या घरात औषधांचा खर्च आहे, त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी पैशांसाठी काम शोधणे याला लोभ म्हणणाऱ्या माणसाला लोभ या शब्दाचा अर्थ समजलेला नाही. तुमच्या पत्रात पैशांबद्दलची क्षमा तुम्ही तीन ठिकाणी मागितली आहे. वरच्या उताऱ्यात मी एकच राहू दिली. पुढच्या पत्रात एकही नसावी.

तुमची अडचण मला वेगळ्याच जागी दिसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार सेवेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. तुम्ही ती मनाई पाळली, आणि कायदा येण्याच्या आधीही शिकवणी घेतली नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. हे तुमच्या शीलाला शोभणारेच होते. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की आपल्या एका तासाची किंमत किती, हे तुम्हाला स्वतःच्या तोंडाने कधी सांगावेच लागले नाही. संस्थेने ठरवलेले, सरकारने ठरवलेले, ते तुम्ही घेतले. आता निवृत्तीमुळे ती मनाई उरलेली नाही, तरी फी हा शब्द उच्चारताना जीभ अडते. तुम्ही ज्या भागात राहता, तिथल्याच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र दिले. श्रमाचा मोबदला घेणे आणि विद्येची सेवा करणे यांत त्यांनी कधी विरोध मानला नाही. तुम्हीही मानू नका. गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न तुमच्या मनात येईल हे मला ठाऊक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. दर सहा विद्यार्थ्यांमागे एक जागा विनाशुल्क ठेवायची असे आधीच ठरवून टाका, म्हणजे प्रत्येक पालकासमोर मन पातळ होऊन सगळ्याच जागा विनाशुल्क होणार नाहीत.

आता नऊ हजारांचा हिशेब करू. रोजचे सहा तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दीडशे तास होतात, म्हणजे तासाला साठ रुपये. त्यात घरी आणून तपासायच्या वह्या, स्नेहसंमेलन आणि पालकसभा धरलेल्या नाहीत. उलट बाजूने पाहा. तुम्हाला १२,००० रुपये कमी पडतात. आठवड्याला बारा तास काम केले तर महिन्याचे अठ्ठेचाळीस तास होतात आणि तासाला २५० रुपये मिळाले तर तूट भरून निघते. चार जणांचा गट असेल, तर एका विद्यार्थ्याच्या वाट्याला तासाचे बासष्ट-त्रेसष्ट रुपये येतात, जे तालुक्याच्या गावातही अनेक पालकांना झेपतात. हा हिशेब कागदावर मांडून तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. मुख्याध्यापकांनी नऊ हजार म्हटले तेव्हा तुम्हाला अपमान वाटला, पण त्यात नेमके काय चुकीचे आहे ते सांगता आले नाही, कारण तुमच्याजवळ तेव्हा हा आकडा नव्हता.

यातच माझ्या सल्ल्याचा गाभा आहे. एक नोकरी संपली म्हणून तुम्ही दुसरी नोकरी शोधत आहात. तशी नोकरी मिळणे कठीण आहे आणि मिळाली तरी ती साठ रुपये तासाचीच असण्याचा संभव अधिक. त्याऐवजी बारा तासांची दोन-तीन लहान कामे जोडावीत, आणि त्यांतले एक तरी असे असावे, की जे शाळेत असताना तुम्हाला आवडत होते पण त्याला वेळ पुरत नव्हता. तुम्ही लिहिले आहे, की दहावीच्या वर्गात नापासांच्या काठावर असलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून निबंध लिहून घेण्यात तुम्हाला सर्वांत अधिक समाधान मिळे, आणि शालार्थ या वेतनप्रणालीतल्या नोंदी, मध्यान्ह भोजनाचे हिशेब व निवडणुकीची कामे यांनी जीव नकोसा होई. मग ज्या कामात पहिले आहे आणि दुसरे नाही, तिकडे वळावे.

टॅबच्या प्रश्नाने तुम्ही खचलात, याचे मला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. सरल, यू-डायस आणि शालार्थ या तिन्ही सरकारी संगणकप्रणालींत तुम्ही वर्षानुवर्षे माहिती भरली, एमएस-सीआयटीची परीक्षा दिली, आणि करोनाच्या काळात, तुम्हीच लिहिले आहे, मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवून दहावीचा वर्ग घेतला. त्या मुख्याध्यापकांना तुम्ही हे सांगायला हवे होते. तरीही पुढचा दीड महिना रोज अर्धा तास काढून काही गोष्टी हातात बसवून घ्या: गूगल मीटवर आपला पडदा दुसऱ्याला दाखवणे, मोबाइलवर आणि संगणकावर युनिकोड मराठीत न अडखळता टंकलेखन करणे, पीडीएफवर शेरे लिहिणे, आणि फीसाठी यूपीआयचा क्यूआर तयार ठेवणे. शेजारच्या त्या डी.एड. झालेल्या मुलीलाच शिकवायला सांगा आणि तिला त्याची फी द्या. तिच्याविषयी पुढे आणखी लिहिते.

आता कामांकडे येते. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे केले. या कायद्याचा शिक्षकांच्या रोजगाराच्या दृष्टीने जेवढा विचार व्हायला हवा होता तेवढा आपल्याकडे झालेला नाही. केंद्रीय मंडळाच्या शाळांना मराठीचा शिक्षक लागतो, आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवणे हे राज्य मंडळाच्या वर्गात कविता शिकवण्यापेक्षा वेगळे कौशल्य आहे. सांगली, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), कराड या पट्ट्यात अशा शाळा आता पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे पूर्णवेळ पद मागू नका. आठवड्याचे दोन दिवस, तासिका तत्त्वावर, असे मागा. दुसरी वाट प्रसूती रजेची. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि शाळेला तेवढ्या काळापुरता अनुभवी माणूस हवा असतो, जो पहिल्या दिवसापासून वर्ग सांभाळील आणि मुदत संपल्यावर कुरकुर न करता जागा सोडील. तुमचे वय इथे अडचण ठरत नाही, उलट शाळेला त्याचा दिलासाच वाटतो.

अर्ज करताना ‘संधी मिळावी ही नम्र विनंती’ हे वाक्य कृपया लिहू नका. तुमच्यासाठी एक मसुदा लिहून पाहिला: “मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांसाठी पाचवी ते आठवीचे मराठीचे तास मी आठवड्यातून दोन दिवस, दर तासाला इतके रुपये या दराने घेऊ शकते. एखाद्या शिक्षिकेच्या दीर्घ रजेच्या काळात पूर्ण वेळ येण्याचीही तयारी आहे. आपण सांगाल त्या वर्गावर एक पाठ घेऊन दाखवीन.” चार वाक्ये पुरेत. पाठ घेऊन दाखवायला सांगितले तर मानहानी समजू नका. एकतीस वर्षांत विस्तार अधिकारी आणि निरीक्षक यांच्यासमोर तुम्ही किती पाठ घेतले असतील, त्यातलाच हा एक.

दुसरे काम मला तुमच्यासाठी सर्वांत जवळचे वाटते, आणि त्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे. शाळेत न जाता खाजगीरीत्या दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी भरायचा सतरा नंबरचा अर्ज तुम्हाला सांगायला नको. शाळा मध्येच सुटलेल्या किती बायका हा अर्ज भरतात, हे तुम्ही परीक्षा केंद्रावर पाहिलेच असेल. अंगणवाडीतल्या पदांसाठी आता बारावीची अट आहे, आणि ज्या गावात नोकरीच्या दुसऱ्या जागा नाहीत, तिथे एखादीने तिशीत पुन्हा पुस्तक हातात घ्यावे यासाठी तेवढे कारण पुरेसे असते. या बायकांसाठी वर्ग जवळजवळ नसतात. मोठ्या क्लासवाल्यांना त्या नको असतात, कारण त्यांचे नव्वद टक्के फलकावर झळकणार नसतात. आणि त्यांनाही सोळा वर्षांच्या मुलांच्या मध्ये बसण्याचा संकोच वाटतो. घरातली भांडी आवरल्यावर दुपारी दोन ते चार या वेळात, ओळखीच्या बाईंच्या ओसरीवर, पाच-सहा जणींचा वर्ग असेल तर त्या येतील.

त्यांना काय अडते, हेही तुम्हाला इतरांपेक्षा चांगले समजेल. गोष्ट वाचून त्यांना सगळे कळते, बोलून दाखवायला सांगितले तर त्या भरभरून बोलतात, पण उत्तर लिहायची वेळ आली की तीन ओळींत थांबतात, कारण पंधरा वर्षे त्यांनी सहीपलीकडे काही लिहिलेले नसते. हाताची सवय गेलेली असते. तेव्हा पहिला महिना पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून रोज एक पान लिहून घ्यावे: बचत गटाच्या सभेचा वृत्तांत, माहेरच्या जत्रेचे वर्णन, वीज कंपनीला तक्रारीचा अर्ज. परीक्षेतले उपयोजित लेखन त्यातूनच तयार होते. इतिहास तुमचाच आहे. गणित आणि इंग्रजीसाठी मात्र दुसरे कुणी लागेल, आणि तिथे शेजारच्या मुलीला भागीदार करून घेता येईल. संस्था चालकांची परवानगी नाही, शिपाई नाही, फलकाचीही गरज नाही. गावातल्या कोणत्या शाळेत सतराचे अर्ज स्वीकारले जातात, ते तुम्हाला एका दूरध्वनीत समजेल. अर्जांची मुदत पावसाळ्याच्या सुमाराला सुरू होते, तेव्हा या कामाला फार उशीर करून चालणार नाही. दहावीच्या निकालानंतर पुरवणी परीक्षेपर्यंतचे काही आठवडे नापास मुलांसाठी असाच एक छोटा वर्ग घेता येईल. तिथे तुमची शाळा सुटल्यानंतरची जुनी सवय कामाला येईल.

या वर्गातून पैसे किती मिळतील? खरे सांगायचे तर बारा हजार मिळणार नाहीत. या बायका फार फी देऊ शकणार नाहीत आणि तुम्ही घेऊही नये. म्हणूनच मी दोन-तीन कामे जोडण्याचे म्हणते: एकातून समाधान अधिक मिळावे, दुसऱ्यातून पैसे.

पैशांच्या बाजूचे काम परदेशातल्या मराठी मुलांना शिकवण्याचे असू शकते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छायेखाली शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात आणि तिथले पालकच स्वयंसेवक म्हणून शिकवतात. त्यापलीकडे अनेक घरांत मुलांसाठी इथून ऑनलाइन शिकवणारी व्यक्ती शोधत असतात. आपल्याकडे रविवारी सकाळी सात वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात शनिवारची संध्याकाळ असते, म्हणजे तुमचा चहा झाला की वर्ग घेता येईल. त्या पालकांना पाच वर्षांच्या मुलाने आजीशी दूरध्वनीवर नीट बोलावे एवढेच बहुधा हवे असते. त्यांना व्याकरण शिकवू नका, आजीशी बोलायची वाक्ये शिकवा. तुमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे बाहेर आहेत त्यांना एक पत्र लिहा. इथे संकोच करू नका: तुम्ही त्यांच्याकडे मदत मागत नाही, तुम्ही काय शिकवता आणि किती फी घेता एवढेच कळवत आहात.

मुद्रितशोधनाबद्दल, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधण्याच्या कामाबद्दल, तुम्ही पत्राच्या शेवटी एक ओळ लिहिली आहे. त्याबद्दल मला अनुभवावरून बोलता येईल, कारण शाळेतली नोकरी सोडल्यावर मी चौदा वर्षे हेच काम केले. तुम्हाला शुद्धलेखनाचे शासनमान्य अठरा नियम पाठ असतील, त्यांतले १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. पण नियम माहीत असणे आणि मुद्रिते वाचता येणे यांत अंतर आहे. शिक्षकाचा डोळा अर्थाकडे धावतो आणि मुद्रितशोधकाचा डोळा अक्षरावर थांबावा लागतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला, की रफार आणि ऱ्हस्व वेलांटी पुष्कळदा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि अर्थ लागत असल्यामुळे आपल्याला ते दिसतच नाही. मोठ्याने वाचावे, आणि आकडे, विशेषनामे, चित्राखालच्या ओळी व अनुक्रमणिकेतले पृष्ठांक यांसाठी वेगळी फेरी करावी. तपासायला आलेल्या पहिल्याच कादंबरीत मी एका माणदेशी म्हातारीच्या तोंडची सगळी वाक्ये प्रमाण मराठीत आणून ठेवली. लेखकाने ती मुद्रिते परत पाठवली आणि मला पूर्ण पुस्तक नव्याने वाचावे लागले. वह्या तपासण्याची सवय इतकी खोल असते, हे त्या दिवशी मला कळले. म्हणून सुरुवात ललित पुस्तकांनी करू नका. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, महाविद्यालयांच्या स्मरणिका, मराठीतले प्रबंध, आणि श्रावण-भाद्रपदात स्थानिक दिवाळी अंक, हे काम सांगली-कोल्हापूरच्या छपाईच्या ठिकाणी मिळते. दर पानावर ठरवा, पान किती शब्दांचे हेही ठरवा आणि अर्धे पैसे आधी घ्या.

काही वाटा थोडक्यात सांगते. तुमची शिवाजी विद्यापीठाची बाह्य एम.ए. पदवी आहे, तेव्हा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या अभ्यासकेंद्रात मराठीचे समंत्रक (विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक) म्हणून नाव देऊन ठेवा. मानधन थोडे, पण रविवारचे काम आहे. जुलै २०२३ मध्ये राज्याने जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर, सत्तर वर्षे वयापर्यंत, तात्पुरते नेमण्याचा आदेश काढला होता. असे आदेश नियमित भरती होईपर्यंतचे असतात आणि ते प्राथमिक शाळांसाठी होते, म्हणून त्यांच्यावर आशा ठेवू नका.

शेजारच्या मुलीचे बोलणे तुम्हाला लागले, आणि ते लागायलाही हवे, कारण ती चूक नाही. वर्षानुवर्षे पवित्र पोर्टलवरच्या भरतीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींना तसल्या आदेशाने काय वाटले असेल, याचा विचार आपल्या पिढीने करावा असे मला वाटते. एखाद्या शाळेत एकच पूर्णवेळ जागा असेल आणि तिच्यासाठी तुम्ही आणि ती दोघी उभ्या असाल, तर माझा सल्ला मागे सरण्याचा आहे, जरी तुम्हाला पैशांची गरज असली तरी. परंतु सतरा नंबरच्या बायका, कॅलिफोर्नियातले मूल किंवा पतसंस्थेचा अहवाल हे काम तुम्ही तिच्या हातून काढून घेत नाही; आणि ओसरीवरच्या वर्गात गणित-इंग्रजीसाठी तिला घेतलेत, तर तुमच्यामुळे तिला काम मिळेल. तिच्याशी हे मोकळेपणाने बोला.

आता जे करू नये ते. क्लासच्या फलकावर नाव देऊ नका. त्यांना तुमचा तास नको आहे, तालुक्यातल्या पालकांचा तुमच्यावरचा विश्वास हवा आहे, आणि तिथे काय शिकवले जाते यावर तुमचा काही ताबा असणार नाही. प्रत्यक्ष तास घ्यायला बोलावले आणि दर पटला, तर वेगळी गोष्ट. साखळी योजनेला स्पष्ट नकार द्या. त्या मुलाला तुमच्या कौशल्याची गरज नाही. एकतीस तुकड्यांच्या विद्यार्थ्यांची तुमच्याकडची नावे त्याला हवी आहेत. तुमच्या शब्दाखातर एखाद्या रिक्षावाल्याने वीस हजार घातले आणि ते बुडाले, तर ते दुःख तुम्हाला सोसवणार नाही. घरबसल्या टंकलेखनाचे काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा संदेश आला तर उत्तरही देऊ नका. चुकून पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

निवृत्तीची जी रक्कम हाती आली आहे, ती बाके, फळा आणि भाड्याची खोली यांत अजिबात गुंतवू नका. ओसरी पुरेशी आहे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला एरवी साठ वर्षांची अट असली, तरी पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या लाभांच्या रकमेपर्यंत आणि तीस लाखांच्या मर्यादेत, तिच्यात खाते उघडता येते, आणि व्याज दर तिमाहीला मिळते. तुम्ही मेअखेर निवृत्त झाला आहात, म्हणून पैसे कोणत्या तारखेला जमा झाले ते आजच पासबुकात पाहा. तिमाहीच्या त्या व्याजाने बारा हजारांची तूट किती कमी होते, ते मांडून मग वरचा तासांचा हिशेब पुन्हा करा. कदाचित आठवड्याचे बारा तासही लागणार नाहीत. शिकवणीचे उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागते, तेवढ्यासाठी एक साधी वही ठेवा.

राहिला मुलगा. तो वाईट हेतूने बोलत नाही. आई रिकामी आहे आणि नातीला सांभाळायला माणूस हवे आहे, एवढेच त्याला दिसते; तुमचे बारा हजार त्याला ठाऊक आहेत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला वाटते तुम्ही त्याला सांगितलेले नाही. त्याला आकडा सांगा, कामाचा बेत सांगा, आणि नातीसाठी तुम्ही कोणते दिवस देऊ शकता तेही सांगा: दिवाळीचे पंधरा दिवस, मेचा महिना. यजमानांच्या औषधांचा आणि दवाखान्याचा पत्ता सोडून पुण्याला कायमचे जाणे तुम्हा दोघांनाही सोयीचे नाही, हे तुम्हीच दुसऱ्या एका परिच्छेदात लिहून ठेवले आहे. त्याला ते वाचून दाखवा.

या आठवड्यात तीन कामे करा: पासबुक पाहणे, सतराचे अर्ज घेणाऱ्या शाळेत दूरध्वनी करणे, आणि शेजारच्या मुलीला चहाला बोलावणे. मुद्रितशोधनाच्या खुणांचा एक तक्ता आणि माझ्या जुन्या कामातली चार न तपासलेली पाने स्वतंत्र टपालाने पाठवत आहे. ती तपासून परत पाठवा. पावणेअकराची घंटा झाली की टेबलाशी बसून वाचलीत तरी चालेल. किती चुका सुटल्या ते मी कळवीन.

आपली,
सदरलेखिका